बुडवून ठेवलेलं मडकं

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बाजारातून एक मडकं घरी आणणं. तीर्थयात्रा नाही, नातवाचं लग्न नाही. मडकं.

आमच्या घरी लांब पोळ्यांचा धंदा. नागपूरबाहेरच्या माणसासाठी सांगतो, ही पोळी लाटत नाहीत. पीठ इतकं सैल भिजवतात की परातीत बसल्या बसल्या सरकतं. त्याचा गोळा ओल्या हातांवर झेलत झेलत पार कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवर पालथं घातलेलं मडकं तापलं की त्याच्या पाठीवर टाकायचा. झेलायचं काम बायकोकडे. त्याच्या आधी पीठ हाणून हाणून नरम करायचं काम माझ्याकडे. जुन्या मडक्याला तडा गेला, म्हणून आम्ही नवं आणायला गेलो.

मडकं घेताना ती बोटाच्या पेरानं ठोकून पाहायची आणि कान लावायची. तिनं एक ठोकलं, दुसरं ठोकलं, पहिल्याकडे परत आली. कुंभार वैतागला. म्हणाला, "मावशी, मडकं घेऊन राहिली का वाद्य?"

ती म्हणाली, "नवरा वाजवून नाई घेतला गा, तेच आतापर्यंत भोगून राहिली. मडकं तं वाजवून घेऊ दे."

येताना ऑटोत मडकं माझ्या मांडीवर. ऑटोवाला आरशातून पाहून हसला. "काकाजी, बाळाले ऊन लागून राहिलं, दुपट्टा टाका."

"बाळ नोहे ते," बायको म्हणाली. "सवत होय माही. पाहा ना कसे धरून बसले. मले कधी असं धरलं नाई."

घरी आल्यावर मडकं अंगणातल्या मोठ्या टबात बुडवून ठेवलं. नवं मडकं सरळ चुलीवर चढवलं की तडकतं, त्याला आधी पाणी पाजावं लागतं. त्याचं पाणी पिणं ऐकू येतं, चुरचुर आवाज करतं. ती जरा वेळ तिथंच उभी राहिली. "आज पिऊ द्या त्याले," म्हणाली, "उद्या चढवू."

दुपारी ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "चहा करता का जी?" तिथंच मला समजायला पाहिजे होतं. माझ्या चहाला तिनं जन्मभर नावं ठेवली. मला चहा मागणारी बाई ती नव्हती. मी चहा घेऊन आलो तेव्हा ती गेली होती. तशीच, भिंतीला टेकून. चहात साखर जास्त झाली होती. चाखला असता तर बोलली असती. मी कप धरून ती बोलायची वाट पाहत उभा राहिलो, चहावर साय धरेपर्यंत. यापेक्षा जास्त मला त्या दुपारचं सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं. पुढचा भाग सांगू नये असं आमच्या पोराचं म्हणणं आहे, म्हणून सांगतो.

घाटावर विस्तव न्यायला एक लहान मडकं लागतं. ते आणायला कोणीतरी स्कूटरवर गेला, आणि आमच्या गल्लीचा रस्ता तर तुम्हाला माहीत नाही, तो बाराही महिने खोदलेला असतो. घराजवळ आल्यावर मडकं फुटलं. इकडे वेळ होत चाललेला. माझा साळा, तिचा भाऊ, भारी हुशार माणूस. त्याला टबातलं मडकं दिसलं. त्यानं बाह्या सरसावल्या आणि काढलं की बाहेर!

एक म्हातारा म्हणाला, "बापा, लई मोठं होते ना हे."

साळा म्हणाला, "मोठं तं मोठं. बाई बी मोठ्या मनाची होती."

मी बायकोच्या उशाशी बसलो होतो. सकाळपासून तोंडातून शब्द निघाला नव्हता, सगळे म्हणत होते याला रडवा, नाहीतर डोक्यात जाईल. आणि मी तिथून ओरडलो, "ठेव बे भैताडा ते तिथंच! पोळीचं मडकं होय ते!"

सगळ्या बायका रडायच्या थांबल्या. साळा मडकं पोटाशी धरून उभा, पाणी त्याच्या पँटीवरून गळून राहिलेलं. मी उठून गेलो. तो सोडेना, मीही सोडेना. एका बाजूनं तो, एका बाजूनं मी, मधे मडकं, मागं बायको निजलेली. पोरगा धावत आला. "बाबा, लोकं पाहून राहिले!" पाहू दे म्हटलं. तिनं वाजवून आणलेलं मडकं हे लोक घाटावर नेऊन फोडणार, आणि वर गेल्यावर ती मला विचारणार. साळ्याला थोडीच विचारणार आहे?

शेवटी शेजारीण भिंतीपलीकडून दह्याचं गाडगं घेऊन आली. दही दुसऱ्या भांड्यात काढून, घासून पुसून आणलं होतं. "हे घ्या बाप्पा," म्हणाली, "अन् सोडा एकमेकाईले."

साळ्यानं मडकं टबात ठेवलं. पण त्याची पँट ओली झाली होती, त्याला काहीतरी बोलणं भाग होतं. "भाऊजी, ठेवलं जी तुमचं मडकं. पण आता पोळ्या करनार कोन? तुमी?"

घाटावर जाताना, परत येताना, आंघोळ करताना तेच डोक्यात. ती गेली हे अजून आत उतरलं नव्हतं. साळ्याचं बोलणं मात्र उतरलं होतं.

ते मला एवढं का लागलं हे समजायला माझ्या खाटेची गोष्ट सांगावी लागेल.

मी चौथी शिकलेला माणूस. लकडगंजात एका आरा मशीनवर लाकूड चिरायचो. पोरवयात लागलो, पंचेचाळिशीपर्यंत तेच. मग मालकाला लाकडापेक्षा लग्नं परवडायला लागली. त्यानं मशीन काढली आणि तिथं लग्नांसाठी लॉन बांधलं. आम्हाला म्हणाला, जा आता. मी घरी आलो, अंगणात खाट टाकली आणि बसलो.

पहिले काही दिवस मजा वाटली. मग मजा संपली, पण मी उठलो नाही. त्या वयाची एक गंमत असते. तरुणपणी रिकामा बसला तर बाप शिव्या घालतो. म्हातारपणी बसला तर लोक म्हणतात बसू द्या, थकला. मधल्या वयात बसला तर कोणी काहीच म्हणत नाही. बसलेला माणूस बसतच जातो. गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या घरी कोणती भाजी, हे सगळं मला पाठ. रस्त्यानं जाणाऱ्याला मी सल्ला द्यायचो. पंक्चर काढणाऱ्याला पंक्चर कसं काढायचं, आणि बाळंतिणीला काय खायचं. माझं कोणी ऐकत नव्हतं, तरी मला फार काम असल्यासारखं वाटायचं.

मग एक दिवस गल्लीतली बाई पाहुण्याला पत्ता सांगताना मी कानानं ऐकली. "सरळ या. खाटेवर एक बुढा बसून राहते, त्याच्या बाजूचं घर."

बुढा! माझ्या डोक्यावर तेव्हा काळे केस होते. मी बायकोला सांगितलं, पाहा वं, ही बाई मले बुढा म्हणते. बायको चुलीपाशी होती. म्हणाली, "चुकलीच ते. बुढा दोन वेळा उठून मंदिरात तरी जाते."

ती तेव्हा लोकांच्या घरून सांगितलेल्या पोळ्या करून द्यायची, लहान प्रमाणात. तिचा खांदा पीठ हाणून हाणून आखडला होता. मला कधी म्हणाली नाही की काम शोधा. मी रोज मालकाला शिव्या घालायचो, ती ऐकून घ्यायची. एक दिवस मी मालकाच्या सात पिढ्यांपर्यंत पोचलो होतो, तेव्हा तिनं परात आणून खाटेवर माझ्यापुढं ठेवली.

"हे काय?" मी म्हटलं.

"तुमचा मालक होय," ती म्हणाली. "हाणा."

मी उचललं आणि आपटलं. परत उचललं, परत आपटलं. तिकडे लॉनमधे पाहुणे पंगतीला बसत होते आणि इकडे मी त्या लॉनच्या मालकाला परातीत आपटत होतो. घाम आला, हात भरून आले, खाट करकर वाजली. थांबलो तेव्हा पीठ असं झालं होतं की हातावर घेतलं तर पाण्यासारखं लोंबत होतं. त्या दिवशीच्या पोळ्या घेऊन गेलेली बाई दुसऱ्या दिवशी परत आली, "काल काय टाकलं वं पिठात?" बायको म्हणाली, "माह्या घरच्याइचा राग."

असा माझा धंदा सुरू झाला. उद्देश-बिद्देश मला माहीत नव्हता. सकाळी उठलं की पीठ भिजलेलं असायचं, आणि भिजलेलं पीठ वाट पाहत नाही. गल्लीतल्या पुरुषांनी खूप उडवलं. "काय भाऊ, बाईचं काम करून राहिला का?" मी म्हणायचो, "ये, तू हाणून पाहा." एकानं हाणून पाहिलं, त्याची कंबर धरली. मग चिडवणं कमी झालं.

अडचण एकच आली. काही वर्षांनी मालकावरचा राग संपला. त्याच्याच लॉनमधून आम्हाला पोळ्यांच्या ऑर्डरी यायला लागल्या, तो स्वतः चुलीपाशी उभा राहून गरम पोळी खायचा आणि 'वा' म्हणायचा. वा म्हणणाऱ्या माणसावर किती दिवस रागावणार? पीठ कडक व्हायला लागलं. बायको म्हणाली, "दुसरा पाहा कोणी." मग मी रस्ता खोदणाऱ्यांना घेतलं. ते कधी संपत नाहीत. लोकांना ठाऊक झालं होतं, ज्या दिवशी गल्ली नव्यानं खोदली त्या दिवशी पोळी लोण्यासारखी.

आता पोराचं सांगतो. पोरगा मनीषनगरात फ्लॅटमधे राहतो, ऑफिसात आहे. आता तोच पंचेचाळिशीत आला. मागच्या वर्षी आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो तर पाहतो काय, माझी खाट! म्हणजे खाट नाही, सोफा होता, चांगला मऊ. पण बसणं तेच होतं. ऑफिसातून आला की त्यात रुतायचा. पोट मांडीवर आलेलं, फोन पोटावर ठेवलेला. फोनमधे एक कोटवाला माणूस विचारत होता की चाळिशीनंतर तुमच्या जीवनाचा उद्देश काय. पोरगा रोज त्याला ऐकायचा.

"सापडला का मंग उद्देश?" बायकोनं विचारलं.

"आई, तसा एकदम नसतो सापडत. प्रक्रिया असते ती."

"असन. तोवर त्या खिडकीची जाळी लाव. पोराईले मच्छर फोडून राहिले."

त्यानं जाळी लावली नाही. येताना मेट्रोत बायको म्हणाली, "तुमच्यावरच गेला." मी म्हटलं, सुधरन. ती म्हणाली, "तुमच्यापुढं परात ठेवणारी होती."

तर, तेरवीपर्यंतचे दिवस गेले. पाहुणे येत होते, टबातल्या पाण्यानं पाय धूत होते. दर पाहुणा विचारायचा, याच्यात मडकं काहून ठेवलं? मी म्हणायचो, पाणी पिऊन राहिलं. ते पोराकडे पाहायचे आणि पोरगा डोळे खाली घालायचा. मडक्यावर हिरवी झाक धरली. रोज वाटायचं काढून ठेवावं. पण काढून ठेवलं की ठेवलंच, आणि चुलीवर चढवायचं तर साळ्याच्या प्रश्नाला उत्तर पाहिजे. म्हणून मी त्याला पाण्यातच राहू दिलं आणि अंगणात खाट टाकून बसलो. लोक म्हणाले, बसू द्या, थकला. ते वाक्य मी ओळखलं.

तेरवीला पोरानं केटरर लावला. चांगला होता, वडाभात बरा केला, कढी पातळ होती. आणि ताटात पुऱ्या! पंगतीला सगळ्या तिच्याच गिऱ्हाईक बायका बसलेल्या. त्यांच्यातल्या एका म्हातारीनं पुरी चिमटीत धरून उजेडात पाहिली.

"इच्या तेरवीले पुऱ्या वाढल्या बाई! वरून पाहत असन तं खाली येईन ते."

दुसरी म्हणाली, "येऊ दे ना, मंग पोळ्या तरी भेटतीन."

सगळ्या हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मी पुरी तशीच ताटात ठेवली. केटररचा दोष नाही, पुरी फुगली होती.

संध्याकाळी सून लेकरांना घेऊन गेली, त्यांची शाळा होती. पोरगा थांबला. माझे कपडे एका बॅगेत भरून ती खाटेवर ठेवली. "बाबा, उद्या सकाळी निघू. खूप केलं तुम्ही. आता माझ्याकडे आराम करा."

"अन् मडकं?"

"देऊन टाकू कोणाला तरी. तुम्हाला कुठं पोळ्या करता येतात?"

ते खरंच होतं. एवढी वर्षं मी तिच्यासमोर बसलो, पण गोळा हातावर कधी घेतला नाही. ती घेऊ द्यायची नाही. म्हणायची, तुमचे हात हाणायचे, झेलायचे नाहीत. मला त्याचा सोफा दिसत होता, त्याच्या एका कोपऱ्यात तो रुतलेला, दुसऱ्या कोपऱ्यात मी, आणि मधे कोटवाला माणूस दोघांना उद्देश विचारून राहिलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो आणि टबात हात घातला. मडकं काढलं, हिरवं घासलं, पुसलं. तिच्यासारखं पेरानं ठोकून कान लावला. मला काही समजलं नाही. माझ्या कानाला सगळी मडकी सारखीच वाजतात. चुलीत लाकडाचे छिलपे पेटवले, मडकं पालथं घातलं आणि आच बारीक ठेवली. मडक्यातून वाफ निघायला लागली. मी डोळे अर्धे मिटून उभा राहिलो, आता फुटते का मग फुटते. फुटलं नाही. ती वाजवून आणायची ते उगाच नाही.

पीठ भिजवलं. मीठ अंदाजानं टाकलं आणि अंदाज चुकला हे टाकतानाच समजलं. मग परात उचलली, पण ठेवायला जागा नव्हती. खाटेवर माझी बॅग होती. मी ती खाली ठेवली आणि परात खाटेवर ठेवून हाणायला लागलो.

चार-सहा वेळा हाणलं तर दम लागला. रागच येईना. रस्ता खोदणारे आठवून पाहिले, मालक आठवून पाहिला. तेरा दिवसांत सगळे राग वाहून गेले होते, नुसतं रडू उरलं होतं, आणि रडण्यानं पीठ सैल होत नाही, खारट होतं. ते आधीच होतं.

आवाजानं पोरगा उठून बाहेर आला. केस उभे, बनियन पोटावर ताणलेलं. "बाबा, काय चाललं हे? आपल्याला निघायचंय ना?"

मी परात त्याच्याकडे सरकवली. "कोणावर राग आहे का बे तुहा?"

"काय?"

"ऑफिसात, घरी, कुठंबी. आहे का कोणावर?"

त्यानं बनियन खाली ओढलं. मग म्हणाला, "साहेबावर आहे."

"हाण मंग."

"बाबा, हे काही..."

"हाण म्हटलं ना! वाळून राहिलं ते!"

त्यानं दोन बोटांनी उचललं, घाण उचलावी तसं. आपटलं. पीठ त्याच्या बनियनवर उडालं. परत उचललं, या वेळी दोन्ही हातांनी. "मले म्हणते, तुमच्यात उत्साह दिसत नाई." धप्प. "माह्याखालच्या पोराले माह्यावर बसवलं." धप्प. "वर म्हणते, टाळ्या वाजवा त्याच्यासाठी!" फ्लॅटमधे गेल्यापासून पोराच्या तोंडून असं नागपुरी मी ऐकलं नव्हतं. खाट करकर वाजायला लागली. पोट हललं, घाम फुटला, आणि साहेब संपेना. मी मधे हात घालून पाहिलं तर पीठ लोंबायला लागलं होतं. चांगला राग होता. सोफ्यावर बसून बसून मुरलेला.

ऑफिसातून फोन आला. तो पिठाच्या हातानं उचलता येईना, वाजून वाजून बंद पडला.

भिंतीवरून शेजारणीचं डोकं वर आलं. "काकाजी, पोळ्या करून राहिले का? करा बाई. माहं दह्याचं गाडगं गेलं तुमच्या पायी, मले त्याच्या बदल्यात पोळ्या पायजे. आज माह्या घरी जवाई येऊन राहिले."

"होईन तं देईन," मी म्हटलं.

"होईन तं नाई. मी स्वयंपाकात चपाती धरलीच नाई आज."

आता आली पंचाईत. मी हात ओले केले, गोळा उचलला आणि एका हातावरून दुसऱ्या हातावर टाकला. तिच्या हातावर तो नाचायचा. माझ्या हातावर आधी बसून राहिला, माझ्यासारखाच, आणि मग एकदम सुटला. मनगटावरून गेला, कोपरावरून गेला, मधे एक भोक पडलं, मग दुसरं. अर्धी पोळी मडक्यावर पडली आणि अर्धी माझ्या दंडाला चिकटून राहिली. मडक्यावरची चर्रर्र करून भाजली. वास बरोबर आला, तोच.

पोरगा हाणायचा थांबला आणि पोळीकडे पाहत राहिला. मी ती काढून त्याला दिली.

शेजारीण म्हणाली, "काकाजी, हे पोळी होय का मच्छरदाणी?"

पोरानं घास तोंडात टाकला, चावला, आणि तोंड वाकडं केलं. "बाबा, मीठ लई झालं."

"माहीत आहे," मी म्हटलं. "तू हाणणं काहून थांबवलं?"

त्यानं परत साहेबाला उचललं. मी दंडाला चिकटलेलं पीठ काढून परातीत टाकलं, हात ओले केले आणि दुसरा गोळा घेतला.